लेखी परीक्षेचे ५० रुपये आणि बाकीचा हिशेब

घणसोलीत राहणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या मुलाला नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झाली असून त्याला मोटारसायकल आणि कार अशा दोन्हींचे लायसन्स काढायचे आहे. पत्नीचे वय ४३ असून त्यांना फक्त स्कूटरचे लायसन्स हवे आहे. धाकटी मुलगी सोळा वर्षांची आहे आणि तिचाही हट्ट चालू आहे. कोपरखैरणे स्टेशनजवळच्या एका एजंटाने 'लेखी परीक्षेसकट कच्चे लायसन्स' या कामाचे माणशी अडीच हजार रुपये सांगितले आहेत. लेखी परीक्षेला खरोखरच एवढे पैसे लागतात का, आणि लागत नसतील तर किती लागतात, असे त्यांचे विचारणे आहे.

गेली बावीस वर्षे मी ठाण्यात ड्रायव्हिंग स्कूल चालवतो आणि या कामाची कागदपत्रे रोज हाताळतो, तेव्हा आकड्यापासूनच सुरुवात करतो. लेखी परीक्षेची फी ५० रुपये आहे. नापास झाल्यास पुन्हा परीक्षा देण्याचीही फी तेवढीच, म्हणजे ५० रुपये आहे. ती कोणा आरटीओ (प्रादेशिक परिवहन) कार्यालयाच्या मर्जीने ठरलेली नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ३२ च्या तक्त्यात ती छापलेली आहे आणि सध्याचे दर डिसेंबर २०१६ च्या अखेरीस झालेल्या दुरुस्तीने लागू झाले आहेत. त्याआधी शिकाऊ लायसन्सचे ३० रुपये पडत असत. आमच्याकडे येणारे जुने लोक अजूनही तोच आकडा मनात धरून येतात आणि पावती पाहून दचकतात.

मात्र नुसती परीक्षा कोणी देत नाही. परीक्षा दिली जाते ती शिकाऊ लायसन्ससाठी, ज्याला सरकारी कागदांत 'शिकाऊ अनुज्ञप्ती' आणि बोलण्यात 'कच्चे लायसन्स' म्हणतात. त्याची फी वाहनाच्या प्रत्येक वर्गासाठी १५० रुपये अशी आहे. परीक्षा मात्र वर्ग कितीही घेतले तरी एकदाच होते. म्हणून आपल्या मुलाचे दोन वर्गांचे ३०० आणि परीक्षेचे ५० मिळून ३५० रुपये होतील, तर पत्नींचे एका वर्गाचे १५० आणि परीक्षेचे ५० मिळून २०० रुपये होतील. दोघांचे मिळून ५५० रुपये. अर्ज ज्यावर भरायचा त्या 'सारथी' या सरकारी पोर्टलवर यात रुपया-दोन रुपयांची किरकोळ भर दिसू शकते. पैसे भरण्यापूर्वी पडद्यावर बाबवार तपशील येतो, तो वाचूनच पुढे जावे. एजंटाने दोघांचे पाच हजार सांगितले आहेत. म्हणजे सरकारात जाणाऱ्या रकमेच्या नऊपट.

आता एजंटावर एकतर्फी राग काढणे मला पटत नाही, कारण सेवाशुल्क मीही घेतो. ज्याला मोबाइलवर अर्ज भरणे जमत नाही, ज्याच्याकडे कागदपत्रे स्कॅन करण्याची सोय नाही किंवा ज्याचा कामाचा एक खाडा अडीचशे-तीनशे रुपयांपेक्षा महाग पडतो, त्याने कोणाकडून अर्ज भरून घेतला तर त्यात गैर काहीच नाही. मेहनतीचे पैसे मागायला हरकत नसते. हरकत आहे ती 'लेखी परीक्षेसकट' या शब्दाला. परीक्षा देण्याचे काम उमेदवाराचे आहे आणि ते दुसऱ्या कोणी करणे ही सरळ तोतयेगिरी आहे. घरबसल्या परीक्षा देताना कॅमेरा चालू ठेवावा लागतो आणि चेहऱ्याची पडताळणी होते, ती यासाठीच. अशा रीतीने काढलेले लायसन्स रद्द झाले तर त्याचे परिणाम लायसन्सधारकाने भोगायचे असतात. पैसे घेणारा तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मागे लागलेला असतो.

घरबसल्या परीक्षेची ही सोय महाराष्ट्रात जून २०२१ मध्ये सुरू झाली आणि खर्चाच्या दृष्टीने तिने फार मोठा फरक केला. त्याआधी माणूस अर्ध्या दिवसाची रजा टाकून कार्यालयात जाई, फोटो आणि बोटांचे ठसे देई, मग संगणकासमोर परीक्षेला बसे, आणि सर्व्हर बंद पडला की दुसऱ्या दिवशी पुन्हा येई. फी नाममात्र असली तरी रिक्षा, लोकल, बुडालेला रोज आणि बाहेरच्या झेरॉक्सवाल्याचे पैसे मिळून तिची कितीतरी पट रक्कम सहज उडत असे. आता आधार क्रमांकाच्या आधारे ओळख पटवून, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी टाकून, केंद्र सरकारच्या 'सारथी' पोर्टलवर घरूनच अर्ज, फी आणि परीक्षा हे तिन्ही उरकता येते. आधी रस्ते सुरक्षेची एक चित्रफीत पूर्ण पाहावी लागते आणि त्यानंतरच परीक्षा उघडते. पास झाल्यावर शिकाऊ लायसन्सची पीडीएफ लगेच उतरवून घेता येते. ती छापायला कोपऱ्यावरच्या दुकानात जे काही चार-पाच रुपये पडतील, तेवढाच वरचा खर्च.

ज्यांना आधारमार्गे जायचे नाही किंवा ज्यांचा मोबाइल क्रमांक आधारशी जोडलेला नाही, त्यांना पूर्वीप्रमाणे वेळ आरक्षित करून मूळ कागदपत्रांसह कार्यालयात परीक्षेला जाता येते. फी दोन्हीकडे सारखीच आहे. आपला पत्ता घणसोलीचा असल्याने आपले कार्यालय एमएच-४३ म्हणजे नवी मुंबईचे. हे मुद्दाम सांगतो, कारण ऐरोली-घणसोलीचे बरेच लोक 'आम्ही ठाणे तालुक्यात राहतो' म्हणून एमएच-०४ निवडतात, तर खारघर-कामोठ्याचे लोक स्वतःला नवी मुंबईकर समजून वाशीला येतात आणि मग त्यांना कळते की आपण पनवेलच्या एमएच-४६ मध्ये आहोत. पोर्टलवर पिनकोड टाकल्यावर कार्यालयाचे नाव समोर येते, ते डोळे उघडे ठेवून पाहावे. माझ्याच हातून एकदा एका विद्यार्थ्याच्या पिनकोडाचा शेवटचा आकडा चुकला होता. तो अर्ज दुरुस्त करण्यात आमचे जे तीन दिवस गेले, त्यांची फी मी त्याच्याकडून घेतली नाही, एवढेच.

आधारचा मार्ग निवडण्यापूर्वी एक गोष्ट तपासणे अत्यंत आवश्यक आहे आणि नवी मुंबईत तर ती दर दुसऱ्या घरात अडचणीची ठरते. आधारवर जो पत्ता आहे, तोच लायसन्सवर येतो. घणसोली, कोपरखैरणे, ऐरोली या भागांत सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतून आलेली कित्येक कुटुंबे आहेत आणि त्यांच्या आधारवर अजून गावचाच पत्ता असतो. पुढे पक्के लायसन्स टपालाने त्या पत्त्यावर जाते, तिथे दाराला कुलूप असते किंवा म्हातारे आजोबा 'तो मुंबईला असतो' म्हणून पाकीट परत पाठवतात, आणि मग ते कार्ड हाती यावे म्हणून कार्यालयाच्या खेपा सुरू होतात. त्यावर पत्ता बदलून घ्यायचे ठरवले तर त्या बदलाची फी २०० रुपये आणि नव्या स्मार्ट कार्डाचे आणखी २०० रुपये लागतात. म्हणजे मूळ परीक्षेच्या फीच्या आठपट रक्कम एका जुन्या पत्त्यापायी जाते. आपल्या मुलाचे आणि पत्नींचे आधार घणसोलीच्या पत्त्याचे नसेल तर आधी ते दुरुस्त करून घ्यावे, चार दिवस उशीर झाला तरी चालेल. नावाचेही तसेच आहे. शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरे नाव असेल, वडिलांच्या नावात एखादे अक्षर कमी-जास्त असेल, तर ते अर्ज भरण्याआधीच एकसारखे करून घेणे स्वस्त पडते.

पत्नींच्या बाबतीत एक वेगळा खर्च येईल. चाळिशी ओलांडलेल्या अर्जदाराला नमुना १-अ हे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. चाळिशीच्या आतल्या खासगी वाहनाच्या अर्जदाराला प्रकृतीबाबतची स्वतःची घोषणा पुरते, म्हणून मुलाला हा खर्च नाही. हे प्रमाणपत्र देणारे डॉक्टर पोर्टलवर नोंदणी झालेले असावे लागतात आणि ते तपासणी करून प्रमाणपत्र ऑनलाइनच चढवतात. तपासणीची रक्कम ही त्या डॉक्टरांची स्वतःची फी असते, सरकारी तक्त्यातील बाब नव्हे. म्हणून दवाखान्यात बसण्याआधीच ती विचारून घ्यावी. आमच्याकडे येणारे काही लोक तपासणी न करता शिक्का मारून देणारा डॉक्टर शोधत असतात. दृष्टी अंधुक झालेली असताना चष्म्याविना स्कूटर चालवायला निघालेल्या माणसाला तो शिक्का रस्त्यावर काही कामाचा नसतो.

आता खुद्द परीक्षेविषयी, कारण ५० रुपये एकदा जाणार की तीनदा हे तिथेच ठरते. महाराष्ट्रात या परीक्षेत १५ प्रश्न असतात आणि त्यांतील ९ बरोबर आले की उमेदवार उत्तीर्ण होतो. नियमाने किमान ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात, त्याचाच हा हिशेब आहे. प्रत्येक प्रश्नाला पर्याय दिलेले असतात आणि मोजके सेकंद मिळतात. वेळ संपली की प्रश्न पुढे सरकतो. हुशार मुले इथेच घसरतात. त्यांना वाटते की हे सामान्यज्ञान आहे, तयारी कशाला हवी. उलट पन्नाशीतल्या बायका वहीत चिन्हे काढून पाठ करतात आणि पंधरापैकी चौदा मिळवून जातात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

भाषेची निवड हा नापास होण्याचा एक असा प्रकार आहे की ज्याची कोणी दखल घेत नाही. अर्ज भरताना परीक्षेची भाषा विचारली जाते. इंग्रजी माध्यमात शिकलेला मुलगा वडिलांच्या आग्रहाने मराठी निवडतो आणि 'पादचाऱ्याचा अग्रक्रम' किंवा 'समोरून येणाऱ्या वाहनास ओलांडून पुढे जाणे' असले शब्द वाचता वाचताच त्याचे सेकंद संपतात. उलट मराठी शाळेत शिकलेल्या गृहिणी 'इंग्रजीत दिलेले बरे दिसते' म्हणून तिकडे जातात आणि तिथे अडकतात. घरी ज्या भाषेत वर्तमानपत्र वाचता, तीच भाषा निवडावी. आपल्या मुलाला मराठी वाचण्याचा सराव नसेल तर त्यात वाईट वाटून घेऊ नये, परीक्षा रस्त्याच्या नियमांची आहे.

तयारीला एक रुपयाही लागत नाही. पोर्टलवर सराव परीक्षा फुकट उपलब्ध आहे आणि कार्यालयांबाहेर विकल्या जाणाऱ्या पुस्तिकांमध्ये त्यापलीकडे फारसे काही नसते. चिन्हे पाठ करण्याआधी त्यांचे आकार ओळखावेत, म्हणजे निम्मे काम होते. गोल चिन्हे ही हुकूम असतात : लाल कडेचे गोल म्हणजे मनाई किंवा मर्यादा आणि निळे गोल म्हणजे सक्ती. लाल कडेचा त्रिकोण सावध करतो, तर निळा आयत माहिती देतो. याला दोन ठळक अपवाद आहेत. 'थांबा' हे चिन्ह अष्टकोनी असते आणि 'रस्ता द्या' हा उलटा त्रिकोण असतो. हे दोन आकार मुद्दाम वेगळे केलेले आहेत, म्हणजे चिन्ह धुळीने माखले किंवा मागून पाहिले तरी आकारावरून अर्थ कळावा.

चिन्हांखेरीज जे प्रश्न हमखास येतात त्यांत वर्तुळाकार चौकाचा एक असतो. तिथे आपल्या उजवीकडून येणाऱ्या वाहनांना आधी जाऊ द्यायचे असते. आपल्याकडे सर्कलवर जो तो नाक खुपसून आत शिरतो, त्यामुळे रस्त्यावर पाहून शिकलेले उत्तर इथे हटकून चुकते. रुग्णवाहिकेला वाट देण्याचा प्रश्न सोपा असतो, पण वाट न दिल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. अपघात झाल्यास चालकाने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना लवकरात लवकर, फार तर २४ तासांच्या आत कळवणे हे आहे. 'घटनास्थळावरून निघून जावे' हाही पर्याय तिथे असतो आणि तो निवडणारी माणसे मी पाहिली आहेत. फाटकवाला नसलेल्या रेल्वे फाटकाचा प्रश्न ठाणे-नवी मुंबईच्या मुलांना परग्रहावरचा वाटतो. ब्रॉडगेज मार्गांवरची अशी फाटके रेल्वेने २०१९ च्या सुरुवातीपर्यंत बंद केली, पण कायद्याचे कलम आहे तसे आहे आणि प्रश्नही येतो. उत्तर असे की गाडी थांबवावी, सोबत मदतनीस असेल तर त्याने आणि नसेल तर चालकाने स्वतः उतरून फाटकापर्यंत चालत जावे आणि दोन्ही बाजूंना गाडी येत नाही याची खात्री करून मगच वाहन पुढे न्यावे.

एवढी तयारी दोन संध्याकाळींत होते. तरीही नापास झालात तर लाजण्यासारखे काही नाही. ५० रुपये भरून फेरपरीक्षा द्यावी.

खरा मोठा खर्च पुढे असतो आणि तो फीचा नसून विसरण्याचा असतो. शिकाऊ लायसन्स सहा महिने वैध असते. मिळाल्यापासून ३० दिवस झाल्यावर आणि हे सहा महिने संपण्याआधी वाहन चालवण्याची परीक्षा देऊन पक्के लायसन्स काढावे लागते. लोक पहिला महिना 'अजून तीस दिवस व्हायचेत' म्हणून बसून राहतात, नंतरचे दोन महिने शिकतात, मग गणपती येतात, मग दिवाळी, आणि शेवटच्या पंधरवड्यात पोर्टल उघडतात तेव्हा परीक्षेच्या सगळ्या तारखा भरलेल्या असतात. मुदत संपली की शिकाऊ लायसन्सचा अर्ज, वर्गागणिक १५० रुपये, लेखी परीक्षेचे ५० रुपये आणि पुन्हा ३० दिवसांची वाट, हे सगळे पहिल्यापासून करावे लागते. कळव्याहून येणाऱ्या एका नोकरदार विद्यार्थ्याने आमच्याकडे तीन वेळा लेखी परीक्षा दिली आणि तिन्ही वेळा तो पास झाला. गाडीही त्याला चांगली येत होती. फक्त तारीख घ्यायचे राहून जात होते.

पक्क्या लायसन्सचा हिशेबही सांगून ठेवतो, म्हणजे आपल्याला एकूण अंदाज येईल. वाहन चालवण्याच्या परीक्षेचे प्रत्येक वर्गाला ३०० रुपये, लायसन्स देण्याचे २०० रुपये आणि स्मार्ट कार्डाचे आणखी २०० रुपये अशी मांडणी आहे. मुलाचे दोन वर्गांचे ६०० अधिक ४०० मिळून १,००० रुपये होतील, तर पत्नींचे ३०० अधिक ४०० मिळून ७०० रुपये. टपाल आणि तत्सम किरकोळ आकार त्यावर वेगळे येतील. शिकाऊ आणि पक्के दोन्ही धरले तर मुलाचे १,३५० आणि पत्नींचे ९०० रुपये होतात. म्हणजे दोघांची पक्की लायसन्स हातात पडेपर्यंतचे मूळ सरकारी शुल्क २,२५० रुपये आहे, आणि तेवढ्यात एजंट एकाचेही कच्चे लायसन्स काढून द्यायला तयार नाही. ड्रायव्हिंग स्कूलची शिकवणी लावलीत तर तिची फी अर्थात निराळी. ती गाडी, दिवस आणि फेऱ्यांच्या अंतरावर ठरते, तेव्हा चार ठिकाणी विचारावे आणि प्रत्यक्ष किती किलोमीटर चालवायला मिळणार, हे लिहून घ्यावे.

चालवण्याच्या परीक्षेत नापास झाल्यास सात दिवसांनंतर पुन्हा बसता येते आणि प्रत्येक वेळी त्या वर्गाचे ३०० रुपये पुन्हा पडतात. सलग तीन वेळा नापास झाल्यास शेवटच्या परीक्षेपासून ६० दिवस थांबावे लागते. सहा महिन्यांच्या मुदतीत हे साठ दिवस आले की काय होते, याचा हिशेब आपणच करावा. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिली तारीख दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातलीच घ्यायला लावतो.

वर्ग निवडताना पत्नींसाठी थोडा विचार करावा, असे मला सुचवावेसे वाटते. सध्या त्यांना केवळ विनागिअर स्कूटर हवी आहे. पुढे कधी कार शिकायचे मनात असेल आणि शिकायला सवड असेल, तर कारचा वर्ग आताच घेतल्यास शिकाऊचे १५० आणि परीक्षेचे ३०० असे ४५० रुपये वाढतील. तोच वर्ग दोन वर्षांनी जोडायचा म्हटले तर शिकाऊचे १५०, परीक्षेचे ३००, वर्ग वाढवण्याचे ५०० आणि नव्या कार्डाचे २०० मिळून १,१५० रुपये होतात. मात्र सहा महिन्यांत कार शिकून होणार नसेल तर उगाच वर्ग घेऊन ठेवू नये, ते पैसे वाया जातात. मुलाने मोटारसायकलचा गिअरवाला वर्गच निवडावा. त्यात घरची स्कूटरही चालते, विनागिअरचा वेगळा वर्ग घ्यायची गरज नाही. काही दुकानांत फी फुगवण्यासाठी तिन्ही वर्ग टाकून देतात.

अठराव्या वर्षी काढलेले मुलाचे लायसन्स त्याच्या चाळिशीपर्यंत चालेल, कारण तिशीच्या आत मिळालेले लायसन्स वयाची चाळीस वर्षे पूर्ण होईपर्यंत वैध असते. पत्नींचे दहा वर्षांसाठी असेल. शिकाऊ लायसन्सवर गाडी रस्त्यावर काढताना पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवे आणि पक्के लायसन्स असलेला माणूस शिकवायला सोबत हवा; दुचाकीवर मागे शिकवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाला बसवता येत नाही. विनालायसन्स चालवण्याचा दंड महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून ५,००० रुपये आहे.

धाकट्या मुलीच्या हट्टाला मात्र आपल्याला नाही म्हणावे लागेल. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने जे लायसन्स मिळते, ते ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीचे असते आणि आज दुकानांत दिसणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटर साधारण ११० ते १२५ सीसीच्या असतात. त्या लायसन्सवर त्या चालत नाहीत. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालक किंवा गाडीमालक यांना २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. कॉलेज लांब असेल तर बसचा पास काढून द्यावा.

पैसे भरण्याबाबत दोन सूचना देऊन थांबतो. शोधयंत्रावर 'लर्निंग लायसन्स' टाकले की सरकारी पोर्टलसारखीच दिसणारी खासगी संकेतस्थळे वरच्या बाजूला येतात आणि तिथे पाचशे-सातशे रुपये भरून लोक फसतात. ज्या पत्त्याचा शेवट 'डॉट गव्ह डॉट इन' असा होत नाही, तिथे आधार क्रमांकही टाकू नये. दुसरे म्हणजे, यूपीआयने पैसे भरताना कधीकधी खात्यातून रक्कम जाते आणि पोर्टलवर मात्र ती भरल्याचे दिसत नाही. अशा वेळी घाबरून लगेच दुसऱ्यांदा भरू नये. पोर्टलवर भरण्याची स्थिती तपासण्याचा पर्याय असतो, तिथे अर्ज क्रमांक टाकून काही वेळाने पाहावे. बहुतेकदा ती रक्कम तोवर जमा झालेली दिसते आणि पावती छापता येते. ही पावती आणि अर्ज क्रमांक पक्के लायसन्स हातात येईपर्यंत जपून ठेवावेत. मुलाने आज परीक्षा दिली तर आजच्या तारखेपासून एकतिसावा दिवस घरातल्या दिनदर्शिकेवर खुणेने मांडून ठेवावा आणि त्या दिवशी सकाळी, दुसरे काम हाती घेण्याआधी, तारीख घ्यावी.